विरोधी सिनेटरचं काम: हॅन्सार्ड वाचू की व्हिडिओ बघू?

मेलबर्नच्या मैत्रिणीला एका विरोधी सिनेटरने धोरणांवरच्या चर्चेत काय काय मांडलं ते शोधायचंय, आणि ती हॅन्सार्ड (संसदेत बोललेल्या शब्दांची अधिकृत लेखी नोंद) आणि कामकाजाचा व्हिडिओ या दोन्हींच्या मध्ये अडकलीये. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट, ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या साइटवरच मिळतात.

वेळेच्या बाबतीत हॅन्सार्ड खूप पुढे. नाव आणि विषय टाकून शोधता येतं, त्यात सिनेट एस्टिमेट्स (सरकारी खर्चाबद्दल अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायच्या समितीच्या बैठका) तर तासन्‌तास चालतात आणि विरोधी सिनेटरची खरी मेहनत मला तिथेच दिसते, अधिकाऱ्याला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत खर्चाचा हिशोब काढून घेतात, हे सगळं व्हिडिओवर बघत बसलात तर आठवडा जाईल. शिवाय काही भाषणं न वाचता थेट नोंदीत घातली जातात, ती व्हिडिओत सापडणारच नाहीत.

पण सूर कागदावर येत नाही. 2014 च्या मार्चमध्ये लेबरच्या नोव्हा पेरिस यांनी वंशभेदविरोधी कायद्याच्या कलम 18सी बद्दल प्रश्न विचारला (वंशावरून कोणाला अपमानित करायला मनाई करणारं हे कलम सरकारला बदलायचं होतं), त्यावर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे कायदामंत्री, ब्रँडिस म्हणाले की लोकांना पूर्वग्रह बाळगायचा हक्क आहे. शब्द हॅन्सार्डमध्ये आहेत, पण ते कुठल्या सुरात बोलले ते ऐकावंच लागतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने तो बदल सोडून दिला.

फक्त सोशल मीडियावरच्या क्लिपवर विसंबू नका प्लीज, पुढचं-मागचं सगळं कापलेलं असतं.

असाइनमेंट, लेख, उद्धरण हवं असेल तर हॅन्सार्ड. मत कोणाला द्यायचं ते ठरवताना माणूस जोखायचा असेल तर व्हिडिओ.