मॅटप्लॉटलिबचं फिल बिटवीन: उजनीच्या आलेखावर वापरून बघितलं

आमचे अण्णा दर रविवारी पेपरातला उजनी धरणातल्या पाणीसाठ्याचा टक्का कॅलेंडरवर लिहून ठेवतात. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं जेवलास का विचारायच्या आधी उजनी किती झालं ते विचारतात. त्या वर्षभराच्या नोंदी मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टाकल्या, त्यातल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीनं आलेख काढला आणि रेषेखालचा भाग रंगवायला तिची फिल बिटवीन ही कमांड वापरली, त्याचाच हा रिव्ह्यू. फुकट आहे, त्यामुळं पैसे वसूल का नाही हा प्रश्नच नाही.

आधी स्प्रेडशीटमधे एरिया चार्ट करून बघितला होता. उजनी वजा टक्क्यात जातं ना (टक्का उपयुक्त पाण्याचा, ते संपून त्याखालचं पाणी घटायला लागलं की वजा), तर मला शून्याच्या वर निळा आणि खाली लाल पाहिजे होता, त्यासाठी दोन वेगळे कॉलम करावे लागले आणि रेषा जिथं शून्य ओलांडते तिथं दोन्ही रंग एकमेकावर तिरके चढून बसले. फिल बिटवीनमधे एक्स, वाय आणि व्हेअरमधे अट, बास, दोन ओळीत दोन रंग. खालची हद्द सांगितली नाही तर शून्यच धरतं, इथं तेच पाहिजे होतं.

पण पहिल्या झटक्यात शून्यापाशी पांढरी फट. लई डोकं खाल्लं राव तिनं. एका रविवारी वजा ४ आणि पुढच्या रविवारी अधिक ९ असेल तर मधला तुकडा निळ्यातबी जात नाही आणि लालमधेबी नाही, कारण दोन्ही टोकं अटीत बसली तरच तो रंगतो. इंटरपोलेट ट्रू केलं की रेषा शून्याला नेमकी कुठं कापते ते स्वतः काढतं आणि फट बुजते. हे मुळात बंद का ठेवलंय कुणास ठाऊक. एका रविवारी अण्णा लग्नाला गेलेले, आकडाच नाही, तिथं दोन्ही बाजूचे मिळून १४ दिवस कोरे राहिले. ते मी तसंच ठेवलं, नोंद नाही तर रंग कशाला.

मग चेव आला, मे महिन्याचं तापमान पण रंगवलं. सगळे आकडे चाळिसाच्या आसपास, रंग मात्र शून्यापासून, म्हणजे रेषा वर छताला चिकटली आणि खाली नुसता केशरी गठ्ठा. तापमानाला असं रंगवण्यात काही अर्थ नाही, नुसती रेष बरी. पाणी साठतं, तिथं रंगाला अर्थ आहे.

अजून एक. आलेखावर मराठी लिहायला देवनागरी फाँट वेगळा द्यावा लागतो, आणि देऊनसुद्धा माझ्या व्हर्जनमधे ‘दिवस’ची वेलांटी द च्या मागं जाऊन बसली. शेवटी ‘तारीख’ लिहून वेळ मारून नेली. अल्फा, म्हणजे रंग किती दाट ते, ०.३ ठेवलेला, स्क्रीनवर झकास, नवी पेठेत कलर प्रिंट काढली तर लालचा पार फिका गुलाबी झाला. प्रिंटला ०.५ तरी ठेवा. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा त्या फटीचा कापला.

प्रिंट बघून अण्णा म्हणले, “लाल म्हणजे धरण कर्जात गेलंय व्हय?” बरोबर होतं त्यांचं. वजा म्हणजे धरण कोरडं नव्हे, तळाला ६३ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त मृतसाठा आहे, त्याच्या वरचं ५३ टीएमसीहून जास्त ते उपयुक्त, आणि टक्का या उपयुक्तचाच. वजा ५० टक्क्याला पण साधारण ३७ टीएमसी असतंच. म्हणून टक्के सोडून टीएमसीत परत काढला, शून्यापासून रेषेपर्यंत करडा, आणि निळ्याला खालची हद्द ६३.६६ दिली. आता मे महिन्यात निळा संपतो, करडा उतरत जातो.

अण्णांनी चष्मा वर केला, करड्यावर बोट ठेवलं. “ह्यात गाळ किती, ते कुठं रंगवलास?”