जिमची नोकरी की घरोघरी पर्सनल ट्रेनिंग?

ट्रेनरचा कोर्स नुकताच संपवलेल्यांनी पहिली वर्ष-दोन वर्षं जिमच्या फ्लोअरवरच काढावीत, असं माझं ठाम मत आहे. पगार बेताचा असतो आणि पर्सनल ट्रेनिंगच्या फीतला वाटा जिमलाही जातो, हे खरं. पण सकाळच्या बॅचला हरतऱ्हेची शरीरं नजरेखालून जातात. कुणाचे स्क्वॉटमध्ये गुडघे आत वळतात, कुणाची डेडलिफ्टला पाठ गोल होते. बीपीची गोळी चालू असलेले काका श्वास रोखून वजन उचलतात. त्यांना तिथल्या तिथे ‘उचलताना श्वास सोडा’ सांगावं लागतं, कारण श्वास कोंडला की रक्तदाब झटकन चढतो. शिवाय आपलं चुकलं तर टोकायला सीनियर शेजारी असतो.

घरोघरी गेलात तर फी पूर्ण तुमची. मात्र डंबेल्स, बँड तुम्हीच वाहायचे, वेळ ट्रॅफिकमध्ये जातो आणि क्लायंट गावाला गेला की कमाई थांबते. म्हणून महिन्याची फी आगाऊच घ्या. एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या ट्रेनरना प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते कौशल्य इथे फार मोलाचं, कारण प्रसंग आला तर घरात प्रशिक्षित माणूस बहुधा तुम्ही एकटेच असता.