रेकॉर्ड रूमवाल्या ताईंमुळे बाबांचा क्लेम पास झाला (४ स्टार)

हॉस्पिटलचं नाव देत नाही, सेंट्रल लाइनवरचं आहे एवढं पुरे, आणि हा रिव्ह्यू डॉक्टरांचा नाही, तिथल्या मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटचा आहे कारण त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही.

बाबा ७४ वर्षांचे, बाथरूममध्ये घसरले, डोकं नळाला आपटलं, टेंगूळ आलं, बसलं, आम्ही पण विसरलो. तीन आठवड्यांनी बोलताना अडखळायला लागले, उजवा पाय ओढायला लागले, सीटी काढला तर सबड्युरल हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या आत नाही तर बाहेर, त्याच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती त्यामुळे रक्त हळूहळू साचत गेलं असं सर्जन म्हणाले. कवटीला भोक पाडून काढलं, पाचव्या दिवशी बाबा चहा मागत होते. ऑपरेशनबद्दल तक्रार नाहीच.

पण डिस्चार्ज समरीत काय तर ‘ब्रेन हॅमरेज, जुना बीपी’, बस. पडल्याचं नावच नाही! त्यावरून आजाराचा कोड (प्रत्येक निदानाला ठरलेला क्रमांक असतो तो) पडला आय ६१.९, म्हणजे मार न लागता मेंदूच्या आत झालेला रक्तस्राव, नेमका कुठे तेही माहीत नाही. आमची पॉलिसी दीड वर्षाची, बीपी आधीपासूनचा म्हणून त्याचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) बाकी, टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, क्लेम अडवला. अपघाताला तो वेटिंग पिरियड लागत नाही हे मला तेव्हा कळलं.

रेकॉर्डच्या ताईंनी फाईल उघडून सीटी रिपोर्टमधल्या चंद्रकोरीसारख्या साठ्याच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली, मग मागे जाऊन अ‍ॅडमिशनच्या वेळी नर्सने लिहिलेलं पान काढलं, त्यात ‘३ आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले’ स्पष्ट होतं. मी म्हटलं ताई मग बदला ना कोड, तर म्हणाल्या, “असं नाही चालत दादा, स्कॅन बघून मी ठरवायचं नसतं, डॉक्टरांनी लिहायला हवं.” त्यांनी डॉक्टरांना लेखी विचारलं, रक्त नेमकं कुठे साचलं, मार लागून की आपोआप, नवं की जुनं, आणि उत्तर त्यांच्या तोंडात घातलं नाही हे मला फार आवडलं. डॉक्टरांनी तारीख, वेळ, सही घालून पुरवणी लिहिली, कोड झाला एस ०६.५, मार लागून झालेला सबड्युरल. मार नसता लागला तर हाच सबड्युरल आय ६२ मध्ये गेला असता.

क्लेम पास झाला. एक स्टार कापलाय तो वॉर्डचा, नर्सने लिहिलेली एक ओळ समरी करताना कोणी वाचली नाही म्हणून मला चार खेपा घालाव्या लागल्या, आणि तेव्हा बाबा घरी एकटे होते.