अटोर्वा की रोसुवा? माझा निर्णय पपनसाने केला

अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या दोन्ही गोळ्या घेतल्यात मी, आधी तीन वर्षं अटोर्वा १० मिलिग्रॅम, आता दीड वर्ष रोसुवा ५ मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल दोन्हींनी खाली आणलं, दोन्ही दिवसात कधीही घेतल्या तरी चालतात, जेवणाआधी की नंतर हाही प्रश्न नाही. म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आमच्याकडे गणपतीत गावच्या झाडाची पपनसं येतात, गोणीभर, आणि मग पंधरा दिवस दुपारी मीठ-तिखट लावून रोज एक अख्खं संपतं. आता ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याचाच संकर, त्यामुळे ग्रेपफ्रूटबद्दल जे सांगतात ते पपनसालाही धरून चाला. आतड्यातलं एक एन्झाइम अटोर्वाचा काही भाग तिथेच मोडतं, या फळातले घटक नेमकं तेच बंद पाडतात आणि गोळी रक्तात जास्त चढते, मग स्नायू दुखू शकतात. मला वाटायचं दुपारी फळ, रात्री गोळी, एवढं अंतर पुरे झालं की! पण नाही पुरत, कारण ते एन्झाइम शरीराला नव्याने तयार करावं लागतं आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. एका वर्षी विसर्जनानंतर दादरचा पूल चढताना मांड्या इतक्या दुखायला लागल्या की मधेच कठड्याला धरून थांबायचो. पपनसामुळेच असं छातीठोक नाही सांगत, पण डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी रक्त तपासून गोळी बदलली.

अटोर्वावर चार फोडी खाल्ल्याने बहुतेकांना काही होत नाही, प्रश्न रोज भरपूर खाण्याचा आहे. सिम्वा (सिम्वास्टॅटिन, याच गटातली गोळी) असेल तर मात्र पपनसापासून लांबच राहा. मोसंबी, साधं संत्रं खुशाल खा.

रोसुवाला पपनसाचं काही वाटत नाही, तिचं वाकडं अँटासिडशी. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध सोबत घेतलं तर रोसुवा जवळपास निम्मीच अंगी लागते, म्हणून गोळीनंतर दोन तास थांबायचं. पण हे घड्याळाने सुटतं ना, मी गोळी सकाळी घेतो, जळजळ झालीच तर ती रात्री लोकलमधून घरी आल्यावर. हां, आपल्या लोकांच्या रक्तात रोसुवा जास्त चढते म्हणून ५ पासून सुरुवात करतात, आणि किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. स्वतःहून गोळी बदलू नका.

ज्यांना दिवसातून तीनदा अँटासिड लागतं आणि पपनस घरात येतच नाही त्यांना कदाचित अटोर्वाच बरी पडेल. आमच्याकडे यंदाची गोणी शेजारी वाटून उरली ती मी पूर्वीसारखीच खाल्ली, पूलही न थांबता चढतोय.