व्हॅक्यूम वायपर: आयडलवर पळाला, चढावर बसला

जुन्या गाडीचे व्हॅक्यूम वायपर 'ओरिजिनलसारखे करून देतो' म्हणणारा मिस्त्री गाडी जागेवर सुरू ठेवून वायपर पळवून दाखवत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, गळका वायपरही पळतो. का पळतो ते आधी सांगतो, कारण मला गंडवलं ते त्याच जोरावर.

या वायपरला वीज लागत नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपापासून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डपासून, रबरी नळी निघते आणि वायपरच्या मोटरला जाते. मोटर म्हणायची, पण आत नुसता कप्पा आणि त्यात कातडी कडांचं पातं. इंजिन आळीपाळीनं पात्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढतं, तसं पातं इकडून तिकडे जातं. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास बंद असतो, तेव्हा ओढ भरपूर. धडधाकट इंजिनात 17 ते 21 इंच पाऱ्याइतकी. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ती पडते. म्हणजे कातडं बरंच वाळलेलं असलं तरी उभ्या गाडीत ते उघडं पडत नाही.

माझी पिकअप 1951 ची शेव्हरलेट. जनरल मोटर्स 1928 ते 1954 या काळात मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची, त्यातलीच ही, असं वडील सांगायचे. काटोलहून संत्री आणायला त्यांनी ती घेतली होती. ओळखीतून एक मिस्त्री मिळाला. मोबाईलमध्ये विंटेज गाड्यांचे फोटोच फोटो. 18,000 रुपये सांगितले: मोटरचं इंपोर्टेड किट, नवी नळी, आणि 'पंपाचा व्हॅक्यूम बूस्टर' नवा करण्याची मजुरी.

गाडी परत द्यायला आला तेव्हा मोटर रंगवून चकचकीत. बाटलीतलं पाणी काचेवर ओतलं, इंजिन सुरू, वायपर सपासप. पैसे घेतले आणि गेला.

जुलैतल्या पावसात नागपूरचा रामझुला पूल चढताना दोन्ही वायपर मधोमध थांबले. फोन केला तर म्हणाला, "भाऊ, व्हॅक्यूमचे वायपर चढावर थांबतेच. काहून टेन्शन घेऊन राहिले? नेटवर पाहा ना." नेटवर पाहिलं तर खरंच तसं लिहिलेलं! याची खरी हुशारी इथं. यंत्राचा खराखुरा दोष तो स्वतःच्या कामावर पांघरूण म्हणून घालतो, आणि तुम्ही वाद घालायला गेलात तर तुम्हीच अडाणी ठरता.

पण चांगला वायपर चढावर मंदावला किंवा थांबला तरी पाय उचलताच पुन्हा चालू लागतो, आणि सपाट रस्त्यावर एका वेगानं जाताना तर चालायलाच हवा. माझा वायपर पूल उतरतानाही हलेना.

एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आमच्या ओळखीत आहेत. त्यांनी मोटरला हात लावायच्या आधी इंजिन आयडलवर ठेवलं आणि वायपरची नळी पकडीनं दाबली. अडखळत चाललेलं इंजिन एकदम सरळ झालं. "मोटर हवा खाऊन राहिली, बाप्पा," एवढंच बोलले. मग झाकण उघडलं. झाकणाखालचं जुनं गॅस्केट (हवा गळू नये म्हणूनची पट्टी) उघडताना तुकड्यांनी निघालं, आत ग्रीसचा काळा दगड, पात्याचं कातडं तडकलेलं. किट वगैरे काही नाही. भोकातून पातळ तेल सोडलं होतं, म्हणजे दाखवण्यापुरतं कातडं मऊ पडावं. वायपरच्या आर्मच्या स्प्रिंगाही ढिल्या करून ठेवल्या होत्या. ब्लेड काचेला जेमतेम टेकत होते, म्हणून तर सपासप. पुसत काहीच नव्हते. नळी नवी खरी, पण साधी पातळ; ओढ लागली की चपटी होणारी. इथं जाड भिंतीची व्हॅक्यूमचीच नळी लागते.

आणि बूस्टर? काही गाड्यांत पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा दुसरा कप्पा जोडलेला असतो, चढावर वायपरला आधार म्हणून. माझ्या गाडीचा पंप साधा आहे. जो भाग गाडीत नाहीच, त्याची मजुरी मी मोजली!

पुढचा डाव त्यानं फोनवरच टाकला होता: "व्हॅक्यूम जमत नसेल तर मारुतीची मोटर बसवून देतो." माझी गाडी 6 व्होल्टची, ती मोटर 12 ची. म्हणजे मग वायरिंग, डायनॅमो, बॅटरी, सगळ्याचं काम त्याच्याचकडे.

काकांनी पातं सोडवून कप्पा पेट्रोलनं धुतला, हवेच्या वाटा मोकळ्या केल्या, नवं कातडं कापून तेलात मुरवून बसवलं. खर्च किरकोळ. तुम्ही काम देणार असाल तर मोटर तुमच्यासमोर उघडायला लावा, जुनं कातडं परत मागा, आणि पैसे पावसात किंवा ओल्या काचेवर गाडी प्रत्यक्ष चालवून मगच द्या. बिलावर नाव, पत्ता आणि प्रत्येक भाग लिहून घ्या. मला मिळालेला कागद कोऱ्या पॅडवरचा, 'वायपर काम' एवढंच. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद आहे, तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही.

तो मात्र माझ्या हिरव्या शेव्हरलेटचा फोटो नव्या गिऱ्हाइकांना दाखवत फिरतो आहे, असं कामठी रोडच्या एका ट्रकवाल्यानं परवा सांगितलं. तो फोटो तुमच्याकडे आला तर मला कळवा. अर्जाला जोडायचा आहे.