कुत्रीची किडनी, घरचं सलाईन आणि पथ्याचं खाणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

निदान झालं तेव्हा आमची कुत्री किडनीच्या जुनाट आजाराच्या तिसऱ्या टप्प्यात होती. हे टप्पे प्रामुख्याने रक्तातल्या क्रिएटिनीनवरून, म्हणजे किडनीने बाहेर टाकायच्या एका टाकाऊ घटकावरून ठरतात, कुत्र्यांत २.९ ते ५.० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) म्हणजे तिसरा, त्याच्या वर चौथा. डॉक्टरांनी घरी दोन कामं सोपवली: कातडीखाली सलाईन देणं आणि खाणं पूर्ण बदलणं. दोन्ही आता बरेच महिने चालू आहेत. माझं मत आधीच सांगते. सलाईनने तिला बरं वाटतं, पण पुढचे दिवस मिळतात ते खाण्यामुळे. घरोघरी मात्र सगळी धास्ती सुईची असते, आणि खाण्याचं पथ्य ‘जमेल तसं’ पाळलं जातं.

सलाईनबद्दल लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी सैल असते, ती चिमटीत उचलायची आणि तयार झालेल्या खोबणीत सुई सरळ घालायची. हळूहळू, घाबरत टोचलं तर जास्त दुखतं. एका दमात गेलेली सुई तिला कळतही नाही. मी आधी बारीक सुई वापरायचे. टोचायला सोपी, पण सलाईन थेंबथेंब उतरतं आणि कुत्रं कंटाळून उठतं. थोडी जाड, १८ नंबरची सुई घेतल्यावर काम पटकन आटपू लागलं. बाटली कोमट पाण्यात ठेवून आपल्या मनगटावर तपासायची. गार सलाईन कातडीखाली गेलं की ती अंग चोरते. बाटली जितकी उंच टांगाल तितकी धार वेगाने येते.

नंतर पाठीवर फुगवटा येतो, तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच. काही तासांत तो जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचं सलाईन देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला जास्तीचं पाणी झेपत नाही, म्हणून किती आणि किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. दुसऱ्याच्या कुत्र्याचं प्रमाण आपल्या कुत्र्याला लावू नका. बाटलीही लिहून दिलेलीच घ्यायची.

आता खाणं. किडनी थकली की फॉस्फरस बाहेर टाकला जात नाही, रक्तात साठतो आणि उरलेल्या किडनीचं नुकसान वाढवतो. म्हणून पथ्याच्या खाण्यात फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची, मीठ कमी आणि ओमेगा-३ जास्त असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कुत्र्यांचे दोन गट केले होते. किडनीचं खाणं मिळालेल्या गटात विषारी घटक साठून अचानक खालावण्याचा धोका सुमारे ७५ टक्क्यांनी कमी दिसला. कुत्री थोडीच होती, तरी हा फरक मला मोठा वाटतो.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: कुत्रं ते खात नाही. मळमळत असताना नवीन खाणं पुढे ठेवलं तर ती चव आणि मळमळ यांची गाठ पडते, मग ते खाणं कायमचं नकोसं होतं. आम्ही आधी मळमळीचं औषध सुरू केलं, भूक परतू दिली आणि मगच जुन्या खाण्यात नवं थोडंथोडं मिसळत गेलो. ओठ चाटणं, लाळ गळणं, वाटीपाशी जाऊन वास घेऊन मागे फिरणं याला लोक नखरे म्हणतात. ही मळमळ आहे. तिच्यावर उपचार आहे, आणि तो मागून घ्या.

फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर खाण्यासोबतच द्यायची, कारण ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसलाच धरते. रिकाम्या पोटी दिली तर तो हेतू साधत नाही. माणसांची पातळ औषधं वापरायची वेळ आली तर घटक वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर हातही लावू नका. कुत्र्यांना ते विष आहे. हाडं, काळीज, चीज हे सगळं फॉस्फरसने भरलेलं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने काहीतरी भरवू पाहतो, त्याला मी आता दारातच सांगते.

पाणी कधीही कमी करू नका. रात्री उठून बाहेर न्यावं लागतं हे खरं, पण तिची किडनी लघवी दाट करू शकत नाही, म्हणून ती इतकं पिते. वाटी उचलून ठेवली तर तिच्या अंगातलं पाणी आटतं, बाकी काही साधत नाही.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा सांगितली गेली. क्रिएटिनीन स्नायूंमधून येतं. कुत्रं वाळत गेलं तर आकडा खाली येतो आणि कागदावर सुधारणा दिसते. म्हणून आम्ही दर आठवड्याला वजन लिहितो आणि रिपोर्ट वजनाशेजारी ठेवून वाचतो. एसडीएमए ही किडनीचं काम दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते, होत असेल तर करून घ्या. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन यांवर वेगळे उपचार असतात, तरी ते तपासायचे पुष्कळदा राहून जातात. सांधेदुखीची गोळी कुणी सुचवली तर आधी किडनीचा आजार सांगा, कारण सूज उतरवणाऱ्या बहुतेक वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो.

किडनीचा मेलेला भाग परत येत नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्या. आमच्या कुत्रीचं वजन सध्या टिकून आहे, फॉस्फरस ५ च्या खाली आहे, आणि सकाळी ती स्वतःहून वाटीपाशी येते. सुई पाहून थरथरणाऱ्या कुत्र्यावर मात्र रोज जबरदस्ती करू नये असं मला वाटतं. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून अंतर वाढवता येतं का, की खाण्यातच जास्त पाणी मिसळून भागतं, ते पाहा.