‘डार्क वेब क्लीनिंग’च्या नावाखाली ९,९५० रुपयांचा गंडा

लॅपटॉप मंद चालतो, एवढीच तक्रार घेऊन गेलेल्या माणसाकडून ‘डार्क वेब’ची, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरला न दिसणाऱ्या इंटरनेटच्या कोपऱ्याची, भीती दाखवून ९,९५० रुपये कसे उकळले जातात, हे इतरांना कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दुकान पुण्यातच आहे. त्याचे नाव मात्र देत नाही, कारण पोलिसांत तक्रार नोंदवली जाण्यापूर्वी ते छापले तर बदनामीचा दावा माझ्यावरच लावला जाईल, असे एका वकील स्नेह्यांनी बजावले आहे.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नुसत्या तपासणीचेही पैसे मागतात. या दुकानाच्या पाटीवर ‘चेकिंग फ्री’ असे लिहिले होते आणि सर्व्हिसिंगचे ४५० रुपये सांगितले गेले. लॅपटॉप ठेवून घेताना तिथल्या मुलाने जॉब कार्डवर माझा ई-मेल आणि लॅपटॉप सुरू करण्याचा पासवर्ड लिहून घेतला. तो तर सगळेच घेतात.

लॅपटॉप न्यायला गेलो तेव्हा मालक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “काका, बसा जरा. तुमचा डेटा डार्क वेबवर गेलाय.” त्याने इंटरनेट म्हणजे हिमनग असे दाखवणारे ते सर्वांनी पाहिलेले चित्र दाखवले, पाण्याखालचा सगळा भाग गुन्हेगारांचा असल्याचे सांगितले आणि मग काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझा ई-मेल आणि माझा पासवर्ड उघडून दाखवला.

इथेच मला कळायला हवे होते, आणि आजही रात्री हा प्रसंग आठवला की स्वतःचाच संताप येतो. पडद्यावर दिसणारा पासवर्ड मी त्यांनाच लिहून दिलेला होता! तो केवळ लॅपटॉप उघडण्यापुरता होता, कोणत्याही संकेतस्थळावर मी तो कधी टाकलेला नव्हता, त्यामुळे तो ‘गळून’ जाण्याचा मार्ग त्या जॉब कार्डाखेरीज दुसरा नव्हता. शिवाय ते सारे रोजच्या क्रोममध्ये उघडलेले होते. डार्क वेबवरचे ‘.ओनियन’ पत्ते साध्या क्रोममध्ये उघडत नाहीत, त्यासाठी वापरणाऱ्याची ओळख लपवणारे टॉर हे जाळे वापरणारा ब्राउझर लागतो, हे मला नंतर समजले.

पण माझी बाजूही ऐकून घ्या. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. त्या लॅपटॉपवर सभासदांचे दूरध्वनी क्रमांक, देखभाल खर्चाचे हिशेब आणि बँकेची पत्रे होती. ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला “तुमच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, उद्या कोणी ड्रग्ज मागवले तर पोलीस तुमच्याच दारात येतील” असे सांगितल्यावर तो पैसे वाचवत बसेल का? कोणाला ओटीपी देऊ नका, अशी सूचना सोसायटीच्या फलकावर मीच लावली होती, हे लिहिताना शरम वाटते. पण इथे ओटीपी कोणी मागितलाच नाही.

‘डार्क वेब क्लीनिंग’चे ३,५०० आणि ‘आयपी लॉक’ या वार्षिक सॉफ्टवेअरचे २,८०० रुपये मी यूपीआयने दिले. खात्यावर दुकानाचे नाव नव्हते, कोणा भलत्याच व्यक्तीचे होते. असे नाव दिसले की तिथेच थांबा.

घरी लॅपटॉप पूर्वीपेक्षाही मंद चालू लागला. भाच्याने संगणकाची क्षमता दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, तर १६ जीबी रॅमच्या (मेमरीच्या) जागी ८ जीबी दिसली. ‘आयपी लॉक’ म्हणजे विंडोजसोबत फुकटच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसला दिलेला ढालीचा आयकॉन निघाला, आणि त्याच्या आडून दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवलेले होते. नवी रॅम ३,२०० रुपयांना पडली. सर्व्हिसिंगचे ४५० धरून एकूण ९,९५० गेले. लॅपटॉप देण्यापूर्वी रॅम आणि एसएसडीवरील (डेटा साठवणाऱ्या भागावरील) क्रमांकांचे फोटो काढून ठेवावेत, पासवर्ड देण्याऐवजी समोर बसून तात्पुरते वेगळे खाते उघडून द्यावे.

आता थोडे त्या हिमनगाविषयी. पाण्याखालचा बहुतांश भाग म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रांना न दिसणारी पाने : तुमची ई-मेलची पेटी, नेट बँकिंग, डिजिलॉकर. त्याला डीप वेब म्हणतात आणि त्याच्या बहुतांश भागात काळेबेरे काहीच नाही. डार्क वेब हा त्यातला लहानसा कोपरा आहे. टॉरमागची कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली, ती वापरणाऱ्याचा ठावठिकाणा लपवण्यासाठी. डार्क वेबवर एकदा विकली गेलेली माहिती कोणताही दुरुस्तीवाला ‘साफ’ करू शकत नाही. पासवर्ड बदलणे आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी) सुरू करणे एवढेच आपल्या हाती असते. आपला ई-मेल कोणत्या गळतीत सापडला, हे २०१३पासून चालू असलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. त्यासाठी मी ३,५०० रुपये मोजले.

यापुढचा अनुभव अधिक संतापजनक आहे. पोलीस चौकीत सांगितले गेले की हा संगणकाचा मामला आहे, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत, हा दुकानदाराशी झालेला व्यवहार आहे, चौकीत जा. एका अधिकाऱ्याने तर “डार्क वेब म्हणजे नक्की काय हो?” असे मलाच विचारले, आणि मी समजावून सांगत असताना ते मोबाइल पाहत होते. खोटे सांगून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक आहे आणि रॅम काढून घेणे ही तर उघड चोरी आहे, हे सेवानिवृत्त माणसाने पोलिसांना सांगायचे काय? अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. बँकेने व्यवहार ‘अधिकृत’ असल्याचे छापील उत्तर पाठवले. दुकानदार म्हणतो, रॅम आधीपासून आठच होती, आणि माझ्याकडे पक्के बिल नाही. पक्के बिल घ्याच, जीएसटीचे चार पैसे अधिक गेले तरी.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील, तर मात्र वेळ न दवडता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. ज्यांनी अशाच एखाद्या ‘चेकिंग फ्री’ दुकानात लॅपटॉप दिला असेल, त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि मेमरीचा आकडा खरेदीच्या बिलाशी आजच ताडून पाहावा. दुकान तेच निघाले, तर तक्रारीत त्यांचेही नाव जोडायला मी तयार आहे.